वाच, मग बोलू

देवनारचं नाव मुंबईत निघतं ते बहुधा नाक मुरडूनच. शहराचा कचरा १९२७ पासून इथे येऊन पडतो. वांद्र्याचा कत्तलखाना हलवला तोही इथेच, १९७१ साली. पण देवनार ज्याच्या पायाखालचं आहे त्याला आणखी दोन पत्ते ठाऊक असतात. व्ही. एन. पुरव मार्गावर १९५४ पासून असलेली टाटा समाजविज्ञान संस्था, आणि गोवंडी स्टेशन रोडवरची, १९५६ साली सुरू झालेली लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था. या दोन आवारांमुळे चारी दिशांची तरुण मंडळी या भागात येऊन राहतात. पलीकडे गोवंडी-शिवाजीनगरात उर्दू वाचणारी वस्ती आहे, अणुशक्तीनगरात अणुकेंद्रातल्या माणसांची. अशा ठिकाणी चहावर पुस्तकांचा विषय निघाला की तो फार काळ गंभीर राहत नाही. कुणीतरी विचारतंच: तुमच्या भाषेत खुनाच्या, भुताखेतांच्या, जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्या कुठल्या? मला वाचायला काय देशील?

बंगाली मुलाचं उत्तर तयार असतं. शरदिंदूंचा ब्योमकेश १९३२ पासून आहे, सत्यजित रायांचा फेलूदा १९६५ पासून, आणि दोघंही इंग्रजीत सहज मिळतात. उर्दूवाला इब्ने सफींचं नाव घेतो. त्यांची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादेत सुरू झाली. लेखक कराचीला गेला तरी वाचक सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिले. तमिळ मुलीकडे चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं २००८ साली काढलेला तमिळ पल्प कथांचा इंग्रजी संग्रह असतो. मग पाळी आपली. आपण उत्साहानं अर्नाळकर सांगतो, धारप सांगतो, शिरवळकर सांगतो. समोरचा विचारतो, कुठे मिळेल? आणि आपण म्हणतो, "थांब, माझ्याकडे होतं. कुणीतरी नेलंय."

मराठीतल्या या सगळ्या साहित्याची अवस्था त्या 'कुणीतरी नेलंय'मध्ये आहे. रहस्यकथा आणि अद्भुत कादंबरी या दोन प्रकारांना आपल्याकडे समीक्षक जवळपास लाभलेच नाहीत. त्यांचं मूल्यमापन केलं मित्रांनी, आणि तेही तोंडी. या तोंडी समीक्षेनंच ते साहित्य शंभर वर्षं जगवलं, असं माझं म्हणणं आहे. आणि ती तोंडीच राहिली म्हणून ते ओळखीच्या माणसांच्या बाहेर पडू शकलं नाही, असंही.

मराठी कादंबरीची सुरुवातच अद्भुतानं झाली, हे आपण आता विसरल्यात जमा आहे. 'यमुनापर्यटन' १८५७चं, पण त्यामागोमाग १८६१ साली हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' आली, मग रिसबुडांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, कारस्थानं, योगायोगांचे डोंगर. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. १८८५ नंतर हरिभाऊ आपटे आले आणि कादंबरीनं घर, सासर, केशवपन, शिक्षण यांच्याकडे तोंड वळवलं. ते व्हायलाच हवं होतं. पण वाङ्मयेतिहासानं त्यानंतर एक सोपा हिशोब मांडला: अद्भुत म्हणजे बालपण, वास्तव म्हणजे वयात येणं. मोठ्या माणसानं बालपणीची खेळणी चारचौघांत काढायची नसतात. सिंहगडावरून पडून कायमचे जायबंदी झालेल्या नाथमाधवांनी १९१३ साली 'वीरधवल' लिहिली. ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, पण तिच्यावर कुणी गंभीरपणे लिहायला बसलं नाही. दातारशास्त्री रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठी मातीत रुजवत होते तेव्हाही हेच. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड ही नावं गिरणीतल्या साच्यापासून शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना पाठ होती. त्यांच्याबद्दल बोललं जातं ते त्या हजारच्या आकड्याबद्दल. एखादी विशिष्ट गोष्ट चांगली का आणि दुसरी फसलेली का, हे कुणी छापून सांगितलं नाही.

मग ते कोण सांगत होतं? शेजारच्या बाकावरचा मुलगा. पाळीतला सोबती. खोलीतला जोडीदार. पाठ्यपुस्तकात लपवून वाचायचं पुस्तक पुढच्याला देताना तो दोन वाक्यं बोलायचा, आणि त्या दोन वाक्यांत सगळी समीक्षा असायची. "सुरुवात सोस, मग बघ." "नाईकांचं हे नेहमीसारखं नाहीये." "रात्री एकटा असशील तर धारप घेऊ नकोस." बाराशेच्या आसपास रहस्यकथा नावावर असलेल्या गुरुनाथ नाईकांमधली नेमकी कुठली वाचायची, हे सांगणारी दुसरी कुठलीही यंत्रणा महाराष्ट्रात नव्हती. शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास यांच्यात डावं-उजवं करणारे माझ्या माहितीतले सगळ्यात काटेकोर टीकाकार कुठल्याही मासिकात लिहीत नव्हते.

अशी शिफारस करणं दिसतं तितकं सोपं नाही. वास्तववादी कादंबरीबद्दल पोटभर बोलता येतं: विषय काय, माणसं कशी, शेवट काय होतो. शेवट कळला तरी 'बनगरवाडी'चं काही बिघडत नाही. रहस्यकथेत मात्र पुस्तकाचं खरं बळ जिथे आहे नेमकं तेच सांगायची बंदी असते. अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' लंडनमध्ये १९५२ साली रंगमंचावर आलं, आणि खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना आजही केली जाते. ही विनंती पाळणारा प्रेक्षक घरी जाऊन शेजाऱ्याला काय सांगत असेल? "जाऊन बघ" एवढंच. म्हणजे कारण न देता पटवायचं. अशा वेळी ऐकणारा पुस्तकाकडे पाहत नाही, सांगणाऱ्याकडे पाहतो. मागच्या वेळी यानं दिलेलं कसं निघालं होतं, याला माझी आवड कितपत कळते, हा उगाच हुरळणारा आहे का. स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थाचं जसं असतं तसंच हे: पत्रिका कुणीही आणून देतं, शब्द कुणाचा आहे ते बघितलं जातं. आणि जमलं नाही तर बोल त्यालाच लागतो.

हा शब्द ओळखीबाहेर चालत नाही, याचा एक मजेशीर पुरावा अमेरिकेत आहे. एडमंड विल्सन हा तिथला वजनदार समीक्षक. १९४४ साली त्यानं 'न्यूयॉर्कर'मध्ये लेख लिहून विचारलं, लोक डिटेक्टिव्ह कथा वाचतात तरी का? त्याला वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. तुम्ही चुकीची पुस्तकं वाचलीत, आम्ही सांगतो ती वाचा. विल्सननं ती मागवली, वाचली, आणि १९४५च्या जानेवारीत दुसरा लेख लिहिला तो पहिल्याहून कडू. पत्रलेखकांनी डोक्यावर घेतलेली डोरोथी सेयर्सची 'द नाइन टेलर्स' त्याला असह्य कंटाळवाणी वाटली. चर्चच्या घंटांची वर्णनं त्यानं सरळ ओलांडली. अकरा वर्षांनी टॉल्किनच्या महाकादंबरीलाही त्यानं असंच झोडपलं. विल्सन मठ्ठ नव्हता, पुस्तकंही टाकाऊ नव्हती. पण सांगणाऱ्यांपैकी कुणी त्याचं मित्र नव्हतं. त्याला काय रुचेल याचा विचार न करता प्रत्येकानं आपलं लाडकं पुस्तक त्याच्या अंगावर टाकलं. 'ग्रेट बुक्स'च्या याद्या आणि दुकानांची 'तुम्हाला हेही आवडेल' ही पाटी हेच करतात, फक्त नम्रपणे. पाटीवरचं पुस्तक आवडलं नाही तर पाटीचं काही जात नाही.

रहस्यकथा आणि अद्भुतकथा यांना एकाच दोरीत बांधण्याची आपली सवय आहे. शिफारशीच्या बाबतीत तरी ती सोडायला हवी. थरारकथा संपते. मी वाचली, तुला दिली, तू वाचलीस, आपण "कसला फिरवला ना शेवट" म्हणालो, झालं. मग ती तिसऱ्याकडे जाते. तिची साखळी होते, आणि साखळीतल्या पहिल्याला शेवटचा माहीतही नसतो. कल्पित राज्याची कादंबरी तशी पुढे सरकत नाही. ती देणारा मुळात वेळ मागतो, कधी हजार पानांचा. आणि ती का देतो? कारण त्या राज्यात तो एकटा पडलेला असतो. नकाशा, घराणी, तलवारींची नावं, तिथले नियम हे सगळं डोक्यात घेऊन फिरणाऱ्याला बोलायला कुणीतरी हवं असतं. दुसऱ्यानं वाचून संपवलं की खऱ्या गप्पा तेव्हा सुरू होतात. टॉल्किननं पुढे कबूल केलं होतं की बराच काळ सी. एस. लुईस हा मित्रच त्याचा एकमेव श्रोता होता, आणि त्याच्या रेट्यावाचून ते लिखाण पुरं झालं नसतं. तिथे तर वाचकाची शिफारस पुस्तक छापून येण्याच्या आधीच कामाला लागली होती.

मराठीत साखळ्या पुष्कळ झाल्या, असं बसून बोलणारं टोळकं क्वचित जमलं. शशी भागवतांच्या 'मर्मभेद'भोवती ते जमलं. ही कादंबरी बाजारात मिळत नव्हती त्या दीर्घ काळातही तिचे वाचक एकमेकांना ओळख पटल्यासारखे भेटत. कुणाच्या तरी मामाकडे एक प्रत आहे, ही बातमी असायची. पण एका कादंबरीवर किती दिवस निघणार? धारपांच्या समर्थांच्या कथा सोडल्या तर मालिकेनं उभं राहिलेलं, वर्षानुवर्षं राहायला जाता येईल असं काल्पनिक जग आपल्याकडे फारसं नव्हतं. ती भूक आमच्यानंतरच्या पिढ्यांनी इंग्रजीत भागवली. मराठी माध्यमातली मुलंही 'हॅरी पॉटर'साठी इंग्रजीकडे वळली. काहींना तो मराठीत मिळाला, मंजुल प्रकाशनाच्या 'हॅरी पॉटर आणि परीस'मधून. टॉल्किनची मुग्धा कर्णिकांनी केलेली 'स्वामी मुद्रिकांचा' आहे, आणि मराठी वाचणाऱ्या मित्राला ती देण्यात मला वेगळाच आनंद वाटतो, कारण त्याला ती माहीत नसते.

आता नागझिऱ्याची गोष्ट. १९९३ साली त्या अभयारण्यात एका रात्री राही अनिल बर्वे या मुलाला त्याच्या मित्रानं नारायण धारपांची एक कथा सांगितली. पुस्तक हातात दिलं नाही, कथा सांगितली. पोरगा हादरला. १९९७ साली, अजून विशीतही न पोहोचलेल्या त्या मुलानं पटकथेचा पहिला खर्डा लिहिला, आणि २०१८ साली 'तुंबाड' पडद्यावर आला. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेलं. धारपांची ती 'आजी' कथा स्वतः स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेवरून बेतलेली. म्हणजे मेन राज्यातल्या एका लेखकाची भयकथा पुण्यात आली, मराठी घरात शिरली, विदर्भातल्या जंगलात एका मित्राच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात गेली आणि कोकणातल्या वाड्यात पावसात भिजत बाहेर पडली. प्रत्येक टप्प्यावर सांगणाऱ्यानं तिच्यात आपलं काहीतरी घातलं. मित्राची शिफारस मूळ पुस्तकाशी प्रामाणिक असते, हा समज यातून मोडावा. चांगला सांगणारा पुस्तक वाढवून सांगतो. आपण पुढे ते पुस्तक मिळवतो आणि थोडे खट्टू होतो, कारण आपल्याला हवं असतं ते त्याच्या आवाजातलं. मला ही लबाडी वाटत नाही. लोककथा अशीच वाढली, आणि धारपांसारख्या गोष्टीवेल्हाळ लेखकाला त्याचा रागही आला नसता.

'तुंबाड'चं पुढे जे झालं तेही याच विषयात बसतं. पहिल्या वेळी तो बेताचा चालला. मग सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले, बघितला नसशील तर बघ. आणि २०२४च्या सप्टेंबरात तो पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. देवनारच्या त्या बंगाली-तमिळ-मल्याळी घोळक्यात 'तुंबाड' सगळ्यांना माहीत असतो. त्यातली आजी एका मराठी लेखकाच्या कथेतून आली, हे कुणालाच माहीत नसतं. सांगितल्यावर सगळे उत्सुक होतात, आणि तिथे पुन्हा आपण अडतो. धारपांचं त्यांना वाचता येईल असं काय हातात ठेवायचं?

तोंडी समीक्षेची कमजोरी इथे दिसते. ती लिहून ठेवलेली नसते, म्हणून भाषांतरकाराला कळत नाही की हजारातल्या कुठल्या दहांना हात घालावा. प्रकाशकाला कळत नाही की पुन्हा काय छापावं. 'दुनियादारी'च्या नव्या वाचकांची लाट २०१३चा चित्रपट येईपर्यंत थांबून राहिली होती, आणि ती तर शिरवळकरांची रहस्यकथाही नव्हे. ग्रंथालयांनी ही पॉकेटबुकं वर्गणीदार टिकावेत म्हणून ठेवली, फाटली की काढून टाकली. स्वस्त कागदावरची ती पुस्तकं जतन करण्याच्या लायकीची आहेत असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. घरातल्या प्रती रद्दीवाल्याच्या तराजूत गेल्या. देवनारच्या आसपास कागद-काच-पत्रा निवडून त्यावर पोट भरणारी हजारो माणसं राहतात. मुंबईच्या किती झुंजार-काळापहाडांचा शेवटचा प्रवास या बाजूनं झाला असेल, कोण मोजणार. पुस्तकच उरलं नाही की शिफारस ही नुसती आठवण होते, आणि आठवण ऐकून कुणी पुढचं पान उलटत नाही.

दुसरी कमजोरी सांगायला थोडी अवघड आहे. आमची ती टोळकी बहुतेक पोरांची होती. घरात आलेलं अर्नाळकरांचं पुस्तक दुपारी आई, मावशी, आत्या वाचत नव्हत्या असं मुळीच नाही. उलट पुढचा भाग आणायची घाई त्यांनाच असायची. पण कुठलं चांगलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांचं मत घराच्या उंबऱ्याबाहेर गेलं नाही. मित्र शिफारस करतो ती मित्रालाच. ज्यांना मैत्रीसाठी बाहेर बसायची मुभा नाही त्यांची आवड या सगळ्या हिशोबात धरलीच गेली नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर बायकांनी केलेली चर्चा कुणी टिपून ठेवली असती तर आपल्याला भयाबद्दल काही वेगळं कळलं असतं, असा माझा दाट संशय आहे. जुन्या दिवसांबद्दल गळा काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. आजची वाचणारी मुलगी फोनवरून अनोळखी बाईला विचारते, हृषीकेश गुप्तेंचं आधी काय वाचू, आणि तिला उत्तर मिळतं. आधीच्या व्यवस्थेपेक्षा ही व्यवस्था मला अधिक न्याय्य वाटते. तिच्यात फक्त प्रत हातात येत नाही.

प्रत हातात देणारी एक चांगली व्यवस्था महाराष्ट्रात आहे. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधारानं विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं: शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वापरणारा वाचकांचा एक गट, आणि ठरावीक काळानं गटागटांत पेट्यांची अदलाबदल. महाराष्ट्राबाहेर, परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही त्या पोचल्या. कुणीतरी अशी एक पेटी निव्वळ रहस्य, भय आणि अद्भुताची करावी, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्यानं दोन ओळी लिहायची सक्ती करावी. शेवट न फोडता, नाव घालून. 'वीरधवल' ठेवा, 'मर्मभेद' ठेवा, अर्नाळकरांच्या मिळतील त्या ठेवा, दातारशास्त्री कुणाच्या माळ्यावर सापडले तर तेही. देवनारच्या वसतिगृहातल्या मराठी मुलांनी ती मागवली तर त्यांतला एखादा, बंगाली मित्राला समजावून सांगता सांगता, पहिली दहा पानं इंग्रजीत उतरवूनही बसेल. भांडण पुस्तकं निवडतानाच होईल, हे मला दिसतं आहे: 'सालेम्स लॉट'वरून बेतलेली धारपांची 'लुचाई' मराठी म्हणून पेटीत घ्यायची की नाही? माझं मत घ्यावी. पण त्यासोबत किंगचंही ठेवावं, आणि दोन्ही वाचणाऱ्यानं कोऱ्या पानावर स्पष्ट लिहावं की जास्त भीती कुठल्या गावात वाटली.